यादी वर्षातून दोनदा येते, माणूस येत नाही

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यात काही कागद हात बदलतात. आपल्या तुरुंगात समोरच्या देशाचे कोण कोण आहेत, त्यांच्या या याद्या. २००८ च्या करारात तसे ठरले आहे आणि दोन्ही सरकारे ते नेमाने पाळतात. १ जुलै २०२५ लाही याद्या दिल्या गेल्या. मे महिन्यात दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन उडाले, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. पाकिस्तानच्या यादीत ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार होते. भारताच्या यादीत ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार.

मच्छीमार म्हटले की आपल्याला गुजरात आठवतो. पण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे डहाणू-तलासरीकडचे आदिवासीही अशा याद्यांत वर्षानुवर्षे सापडत आले आहेत. बोट मालकाची, डिझेल मालकाचे, जाळे मालकाचे. अटक मात्र खलाशाची. समुद्रात रेघ ओढलेली नसते, आणि सर क्रीकजवळ तर ती कुठे ओढायची यावर दोन्ही देशांचे एकमतच नाही. पलीकडे कराचीच्या इब्राहिम हैदरीतून, ठट्टा आणि सुजावलच्या किनाऱ्यावरून निघालेला कोळीही असाच भरकटतो आणि गुजरातच्या तुरुंगात जाऊन बसतो.

त्याच २००८ च्या करारात आणखी एक कलम आहे. शिक्षा पूर्ण झाली आणि माणूस आपला असल्याची त्याच्या देशाने खात्री दिली की एका महिन्याच्या आत त्याला सोडायचे. हे कलम दोघेही पाळत नाहीत. कैद्यांची स्थिती पाहण्यासाठी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक समिती २००७ मध्ये नेमली होती. ऑक्टोबर २०१३ नंतर तिने एकाही तुरुंगाचा उंबरा ओलांडलेला नाही. थोडक्यात, यादी वर्षातून दोनदा येते आणि माणूस येत नाही.

मला या लेखात जे भांडण मांडायचे आहे, ते या यादीपासून सुरू होते. विकसनशील देशांनी एकत्र येऊन आपला कारभार सुधारावा, नागरी समाज बळकट करावा, असे ठराव गेली चाळीस वर्षे होत आहेत. दक्षिण आशियात त्यासाठी सार्क नावाची संघटनाही आहे. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात ती स्थापन झाली, काठमांडूत तिचे सचिवालय आहे. तिची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूलाच झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली, त्यानंतर एकही झाली नाही. म्हणून सगळे म्हणतात, सार्क भारत-पाकिस्तानच्या वैराने मारली. हे अर्धेच खरे आहे. ती जन्मतःच पांगळी होती, आणि तिला पांगळे ठेवण्याबाबत सगळ्या सरकारांचे पहिल्या दिवसापासून एकमत होते.

सार्कच्या सनदेतले दहावे कलम वाचा. सगळे निर्णय एकमताने होतील आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेतून वगळले जातील, असे ते सांगते. वरवर हे शहाणपणाचे वाटते. भांडणाचे विषय बाजूला ठेवू, बाकीचे करू. पण आपल्या भागातल्या गरिबाचा कोणता प्रश्न द्विपक्षीय नाही, ते सांगा. पकडला गेलेला खलाशी हा द्विपक्षीय विषय. फरक्क्याचे पाणी द्विपक्षीय. कोसीचा पूर द्विपक्षीय. आसामातल्या ज्या माणसाला कोणताच देश आपला म्हणत नाही, तो तर उच्चारायलाही अवघड. उरते काय? परिसंवाद, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव. २००४ मध्ये इस्लामाबादला सामाजिक सनदेवर सह्या झाल्या, २०११ मध्ये लोकशाहीची सनदही आली. दोन्हींतली भाषा उत्तम आहे. फक्त त्यातला एखादा शब्द सरकारने मोडला तर नागरिकाने कुठे जायचे, याचा पत्ता कुठेही लिहिलेला नाही.

हे लिहिताना मला पुढचा प्रश्न माहीत आहे. एका व्याख्यानानंतर तो मला तोंडावर विचारला गेला होता. ‘तुम्हाला तिकडचा एवढा पुळका का?’ हाच विषय एखाद्या जोशी किंवा पाटील आडनावाच्या माणसाने मांडला तर तो शांततावादी, फार तर भाबडा ठरतो. माझ्या नावाच्या माणसाने मांडला की तो पुळका होतो. म्हणून उत्तर स्पष्ट देतो. मला पाकिस्तानी लष्कराचा पुळका नाही. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी माणसांना धर्म विचारून मारणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कसलीही गुंतागुंत नाही. ते खुनी आहेत. मला पुळका आहे तो तलासरीच्या खलाशाचा. त्याला सोडवायचे तर समोरच्याशी बोलावेच लागते. आणि सरकार बोलतेच आहे! १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षी दिली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दिली, आजही देतात. अणुभट्टी कुठे आहे हे शत्रूला सांगण्याइतका संवाद ज्यांना जमतो, त्यांना खलाशाची सुटका जमत नाही, यावर मी विश्वास ठेवू? दहशतवाद आणि संवाद एकत्र चालणार नाहीत, या वाक्याचा खरा अर्थ एवढाच होतो की जिथे राज्यसंस्थेचे हित आहे तिथे संवाद चालेल आणि जिथे फक्त नागरिकाचे हित आहे तिथे चालणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रत्येक देशाचा कारभार हा त्याचा घरचा मामला. शेजाऱ्याने त्यात नाक खुपसण्याचे कारण काय? कारण हे घर एकाच गवंड्याने बांधले आहे. १८६० ची दंडसंहिता घ्या. भारत, पाकिस्तान आणि आजचा बांगलादेश या तिन्ही ठिकाणी ती चालली, त्याच कलमांनी आणि त्याच क्रमांकांनी. लाहोरच्या भामट्यालाही आपण चारसोबीसच म्हणतो आणि ढाक्याच्याही. राजद्रोहाचे १२४ अ तिन्हीकडे एकच. धर्मभावना दुखावल्याचे २९५ अ हे १९२७ मध्ये इंग्रजांनी घातलेले कलमही तिन्हीकडे एकच. पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या काळात त्याला २९५ ब आणि २९५ क अशी पिल्ले झाली आणि त्यातून काय अनर्थ झाला, हे जगाने पाहिले. प्रजेला धाकात ठेवण्यासाठी घडवलेला १८६१ चा पोलीस कायदाही सगळ्यांच्याच वाट्याला आला. यंत्र एक असेल तर बिघाडही सारखेच असणार, आणि दुरुस्तीही एकमेकांकडे पाहूनच शिकावी लागणार.

गंमत अशी की सरकारे ही शिकवणी कधीच चुकवत नाहीत. दक्षिण आशियात प्रादेशिक सहकार्य होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दडपशाहीचे कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. भारतात परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ मध्ये, आणीबाणीत आला. २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० मध्ये इतका आवळला की एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देणेही बंद झाले. म्हणजे शहरातल्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या लहान संस्थेकडे जाणारी वाट बुजली. बांगलादेशाने २०१६ मध्ये असाच कायदा केला आणि त्यात संविधान व संवैधानिक संस्थांबद्दल अनुदार बोलणे हाही स्वयंसेवी संस्थांचा गुन्हा ठरवला. पाकिस्तानने २०१८ मध्ये अठरा आंतरराष्ट्रीय संस्थांना देश सोडायला सांगितले. श्रीलंकेचा १९७९ चा दहशतवादविरोधी कायदा तात्पुरता म्हणून आला होता; तो तात्पुरता कायदा आता पन्नाशीकडे निघाला आहे. एकमेकांचे तोंड न पाहणारी ही सरकारे या एका विषयात सख्ख्या भावंडांसारखी वागतात. सरकारांना सहकार्य जमते. ज्या सहकार्यातून त्यांच्यावर अंकुश येईल, तेवढेच त्यांना जमत नाही.

नागरिकांनीही एकमेकांकडून घेतलेच आहे, सरकारांच्या परवानगीशिवाय. राजस्थानातल्या मजूर-शेतकऱ्यांनी १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले ते गावच्या कामाची बिले आणि हजेरीपट पाहायला मिळावेत म्हणून. महाराष्ट्रात २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा झाला, देशात २००५ मध्ये. मग नेपाळ २००७, बांगलादेश २००९, मालदीव २०१४, श्रीलंका २०१६, पाकिस्तानचा केंद्रीय कायदा २०१७. आपण आद्य म्हणून मिरवतो. पण नेपाळच्या कायद्याने राजकीय पक्षांनाही माहिती देण्याच्या कक्षेत आणले आहे. आपल्याकडे केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना तसा आदेश दिला, तर तो सगळ्यांनी मिळून गुंडाळून ठेवला. त्या एका मुद्द्यावर डावे, उजवे, मधले असा भेद उरला नाही. बांगलादेशाच्या कायद्यात परदेशी पैशावर चालणाऱ्या खासगी संस्थाही येतात. म्हणजे संस्थेचा गळा न आवळता तिला जनतेपुढे हिशेब द्यायला लावता येतो. थोरल्या भावाने धाकट्यांकडून शिकण्यासारखे हे दोन धडे आहेत. थोरल्याला फक्त शिकवायची सवय आहे.

न्यायालयांचेही तेच. संविधानाची मूळ चौकट संसदेला मोडता येत नाही, हे १९७३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात सांगितले. बांगलादेशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये आठव्या दुरुस्तीच्या खटल्यात तोच विचार उचलला. तृतीयपंथीयांना ओळख देणारा २०१४ चा आपला निकाल नेपाळ आणि पाकिस्तानच्या न्यायालयांनी आधी काय केले, याची नोंद घेऊनच आला. ज्या १२४ अ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली, ते लाहोर उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पाकिस्तानात रद्द ठरवले. आपण मात्र नवी न्यायसंहिता आणताना १५२ क्रमांकाखाली त्याच जातीचे कलम पुन्हा वसवले. या एका बाबतीत लाहोर दिल्लीच्या पुढे गेले, हे कबूल करायला देशभक्ती आडवी येऊ नये.

आता आपल्या घराकडे वळतो, कारण वरचे सगळे वाचून माझे मुस्लिम वाचक खुशीत माना डोलावत असतील. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांच्यापासून संरक्षणाची होती. त्याच्या पाच वर्षे आधी, १९६१ मध्येच, पाकिस्तानात तलाकची लेखी नोटीस द्यायला लावणारा, नव्वद दिवसांचा अवधी घालणारा आणि दुसऱ्या लग्नासाठी लवाद मंडळाची परवानगी मागणारा अध्यादेश आला होता. आणणारा लष्करशहा होता, हे खरे. पण तो आजही पाकिस्तानात आहे, बांगलादेशातही आहे. आपल्या धर्मपंडितांनी मात्र २०१७ च्या निकालापर्यंत असे बजावले की तोंडी तलाकला हात लावला तर इस्लाम बुडेल. कराचीत आणि ढाक्यात न बुडालेला इस्लाम मालेगावात कसा बुडणार होता? शेजाऱ्याकडे त्या वेळी प्रामाणिकपणे पाहिले असते तर हा प्रश्न आपल्याच हाताने सुटला असता आणि तो दुसऱ्यांच्या हातातले कोलीत झाला नसता. सीमेपलीकडे पाहण्याची भीती फक्त राष्ट्रवाद्यांनाच असते असे नाही. मौलवींनाही असते.

आणि उम्मतचे काय? गाझासाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण १९७४ मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले, १९८४ मध्ये त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणणे हा गुन्हा केला, त्यावर आपल्या किती मोहल्ल्यांत सभा झाल्या? सिंधमधल्या हिंदू मुलींच्या जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध आपण किती पत्रके काढली? ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातले सरकार कोसळल्यावर तिथल्या हिंदूंची घरे-देवळे फोडली गेली, तेव्हा ‘बातम्या फुगवलेल्या आहेत’ एवढेच म्हणून आपण गप्प बसलो. काही बातम्या फुगवलेल्या होत्याही. पण सगळ्या नव्हत्या. साक्ष स्वतःच्या आणि नातलगांच्या विरोधात जात असली तरी खरीच द्यावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ते फक्त मदरशाच्या चटईपुरते आहे का?

इस्लामी देशांच्या संघटनेकडूनही अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. या देशांनी १९८७ मध्ये कुवेतच्या शिखर परिषदेत आंतरराष्ट्रीय इस्लामी न्यायालयाची सनद मंजूर केली. पुरेशा देशांनी तिला मान्यताच दिली नाही, म्हणून ते न्यायालय आजवर उभे राहिले नाही. काश्मीरवर ठराव करायला त्या संघटनेला वेळ असतो. स्वतःच्या प्रजेला एक कोर्ट द्यायला नसतो. तिथेही दुखणे सार्कचेच. सरकारांनी सरकारांसाठी केलेली संघटना.

मग दुसरे काही असू शकते का? असू शकते, आणि ते श्रीमंत युरोपातच असते असेही नाही. नायजर हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक, बहुसंख्य प्रजा मुस्लिम. तिथे हदिजतू मनी नावाची मुलगी १९९६ मध्ये, बारा वर्षांची असताना, २ लाख ४० हजार फ्रँकना, म्हणजे सुमारे ५०० डॉलरना विकली गेली. घरात चार बायका असलेल्या माणसाने तिला गुलाम म्हणून घेतले. नऊ वर्षांनी सुटल्यावर तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले, तर मालकाने ती आपली बायको असल्याचा दावा लावला आणि देशाच्या न्यायालयाने तिलाच द्विविवाहाच्या गुन्ह्यात तुरुंगात घातले. ती बाई पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या संघटनेच्या न्यायालयात गेली. तिथे २००५ पासून साध्या नागरिकालाही आपल्या सरकारविरुद्ध थेट दाद मागता येते. २७ ऑक्टोबर २००८ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला की गुलामीपासून तिचे रक्षण करण्यात नायजर सरकार कमी पडले, तिला एक कोटी फ्रँक भरपाई द्या. सरकारने ती दिली. लिहिता-वाचता न येणारी एक बाई शेजारी देशांच्या न्यायाधीशांपुढे उभी राहते आणि स्वतःच्या देशाला हरवते, याला मी प्रादेशिक सहकार्य म्हणतो.

हे गुलाबी चित्र नाही, याचीही मला कल्पना आहे. दक्षिण आफ्रिकेच्या भागातल्या देशांनी असेच न्यायाधिकरण उभारले होते. त्याने झिम्बाब्वेच्या मुगाबे सरकारविरुद्ध जमीनजप्तीचा निकाल दिला, तेव्हा शेजारच्या राष्ट्रप्रमुखांनी मुगाबेंना समजावण्याऐवजी २०१० मध्ये न्यायाधिकरणच बंद पाडले. आज त्याची वेळ, उद्या आपली, हे त्यांना बरोबर कळले. खुद्द नायजरमध्ये २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये माली व बुर्किना फासोसह तो देश इकोवासमधून बाहेर पडला. म्हणजे असा दरवाजा उघडला तरी तो उघडा ठेवण्यासाठी झगडावे लागते. पण बंद पडू शकतो म्हणून दरवाजाच नको, असे घर बांधणारा कोणी शहाणा म्हणेल का? आपल्याकडे तर भिंतीला दरवाजाची चौकटही नाही.

आपल्याकडे कधी काहीच नव्हते, असेही नाही. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली यांनी दिल्लीत एक करार केला. पूर्व बंगाल पेटला होता, पश्चिम बंगाल पेटला होता. त्या करारात दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना समान नागरिकत्वाची हमी लेखी दिली, पळवून नेलेल्या स्त्रिया परत करण्याचे आणि जबरदस्तीचे धर्मांतर न मानण्याचे ठरवले, आणि पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल व आसामात अल्पसंख्याक आयोग नेमण्याचे मान्य केले. श्यामाप्रसाद मुखर्जींनी त्याविरुद्ध मंत्रिपदाचा राजीनामा दिला. करार पुढे पाळला गेला नाही, हे खरेच आहे. पाकिस्तानने तो जास्त मोडला, हेही खरे. पण त्यातली कल्पना पाहा. अल्पसंख्याकाने छळ झाला म्हणून देश बदलू नये, त्याच्या देशाने त्याच्याशी वागणे बदलावे, आणि त्याबद्दल शेजाऱ्यालाही उत्तर द्यावे.

२०१९ मध्ये नागरिकत्व कायदा दुरुस्त करताना संसदेत सांगितले गेले की तो करार फसला म्हणून हा कायदा हवा. म्हणजे रोग्यावर औषध चालले नाही, म्हणून त्याला घर सोडून यायला सांगायचे, आणि तेही धर्म पाहून. या कायद्याने सिंधचा हिंदू सिंधमध्ये सुरक्षित होत नाही. लाहोरच्या अहमदियाला तर तो मोजतही नाही. उलट प्रत्येक देशाला एक सोय मिळते: आपला अल्पसंख्य छळा, शेजारी त्याला घेईल, शेजाऱ्याच्या अल्पसंख्याचे हाल दाखवा, आपल्या छळाला कारण मिळेल. बांगलादेशी हिंदूची छायाचित्रे इथल्या निवडणुकीत चालतात, भारतीय मुसलमानाची चित्रफीत तिथल्या मिंबरवर चालते. या खंडातला प्रत्येक अल्पसंख्य दुसऱ्या कुणाच्या तरी हातातला ओलीस आहे. मी मुसलमान म्हणून नागपुरात किंवा नांदेडात किती सुरक्षित आहे, याचा एक धागा खुलन्यातल्या हिंदूच्या घरापर्यंत जातो. म्हणून त्याचा प्रश्न माझा आहे. हे औदार्य नाही, साधा हिशेब आहे.

हा हिशेब समजलेली एक बाई आपण पाहिली आहे. अस्मा जहांगीर. लाहोरच्या वकील, ‘साउथ एशियन्स फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना २००० मध्ये उभारणाऱ्यांत त्या होत्या, इंदरकुमार गुजराल सोबत होते. संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक प्रतिनिधी म्हणून मार्च २००८ मध्ये त्या भारतात आल्या. इथल्या मुसलमानांचे, ख्रिश्चनांचे प्रश्न समजून घेताना त्या मुंबईत बाळासाहेब ठाकऱ्यांनाही भेटल्या. ज्याच्यावर आरोप आहेत त्याचीही बाजू ऐकायची, हा वकिली शिरस्ता. त्या भेटीचे छायाचित्र पाकिस्तानात पुढची दहा वर्षे, फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. भारताची हस्तक! इकडे आमच्यासारख्यांना तिकडे जा म्हणतात, तिकडे त्यांना इकडच्या म्हणत. दोन्हीकडच्या शिव्या एकाच शिळेवर वाटलेल्या.

पण आपल्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. वाघ्याला मेणबत्त्या लावणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. कुलदीप नय्यर यांच्यासारख्यांनी ते ज्या काळात केले, त्याला धैर्य लागत होते. पण हळूहळू या चळवळीचे रूपांतर एका ओळखीच्या मंडळींच्या प्रवासात झाले. तेच वीस-पंचवीस चेहरे, दिल्ली, लाहोर, काठमांडू, कोलंबो. गझल, बिर्याणी, फाळणीच्या आठवणी, इंग्रजीत जाहीरनामा. त्यात तलासरीचा खलाशी नाही, इब्राहिम हैदरीचा कोळी नाही, कारण त्यांना व्हिसा मिळत नाही आणि इंग्रजी येत नाही. सार्कने १९९२ मध्ये व्हिसामाफीची योजना आणली, तीही मंत्री, न्यायाधीश, खासदार, बडे व्यापारी अशा चोवीस प्रकारच्या मान्यवरांसाठी. सरकारांची संघटना मान्यवरांची आणि नागरिकांची चळवळही मान्यवरांचीच, तर सामान्य माणसाने या सहकार्याचे लोणचे घालायचे का?

म्हणून मागणी छोटी ठेवू या, पण टोकदार. सार्कचे शिखर संमेलन भरवा, ही माझी मागणी नाही. आठ नेते हात धरून छायाचित्र काढतील, त्याने कुणाचे काही अडलेले नाही.

पहिली मागणी, २००७ ची न्यायमूर्तींची समिती पुन्हा कामाला लावा. शिक्षा संपलेल्या माणसाला एका महिन्यात सोडण्याचे कलम तुम्हीच सही केलेले आहे. त्यासाठी शिखर परिषद लागत नाही, काश्मीरचा तोडगा लागत नाही. मच्छीमाराला तर अटकच न करता समुद्रातूनच मागे फिरवता येईल.

दुसरी, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, मालदीव या सहाही देशांत मानवी हक्क आयोग आहेत. ते कायद्याने स्वायत्त म्हणवतात. त्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून अल्पसंख्याकांच्या स्थितीचा एकच अहवाल काढावा. प्रत्येक देशाचे प्रकरण दुसऱ्या देशाच्या आयोगाने तपासलेले असावे. आपल्याबद्दल शेजारी लिहील ते झोंबेल. झोंबू द्या. आपणही त्याच्याबद्दल लिहिणारच आहोत. १९५० च्या कराराचा आत्मा एवढ्याने तरी जागा होईल.

तिसरी, या अहवालाला पुढे एक खिडकी जोडा, जिथे साधा नागरिक आपल्या भाषेत तक्रार टाकू शकेल. न्यायालय ही दूरची गोष्ट आहे. खिडकीपासून सुरुवात होऊ शकते.

कुणी म्हणेल, सार्क सोडा, आता बिमस्टेक आहे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांची ती संघटना, पाकिस्तान वगळून. रस्ते, बंदरे, वीज यासाठी ती जरूर चालवा. पण आपल्याला न आवडणारा शेजारी वगळून केलेली संघटना शेजाराचा प्रश्न सोडवत नाही, आणि नागरिकासाठी दरवाजा तिथेही नाही.

या मागण्या भारताने आधी मान्य कराव्यात, असे मी म्हणतो तेव्हा पुन्हा पुळक्याचा आरोप होईल. होऊ द्या. माझे कारण सरळ आहे. मी भारताचा नागरिक आहे. मला मागायचा हक्क माझ्या सरकारकडे आहे. पाकिस्तान सरकारकडे मागण्याचे काम लाहोरच्या आणि कराचीच्या लोकांचे, आणि ते माझ्यापेक्षा जास्त धोका पत्करून ते करतात.

पुढच्या १ जानेवारीला किंवा १ जुलैला वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येईल. याद्यांची देवाणघेवाण झाली, असे त्यात असेल. आकडे थोडे इकडेतिकडे झालेले असतील. ती बातमी वाचून पान उलटू नका. आपल्या खासदाराला एक साधे पत्र लिहा आणि एकच विचारा: या यादीतल्या किती जणांची शिक्षा संपली आहे, आणि ते अजून घरी का आलेले नाहीत?